चार्जर हिरवा दाखवतो, तरी सेल्फ लागत नाही: महिनोन्‌महिने उभ्या गाडीची बॅटरी

जहाजी:

मी जहाजावर नोकरी करतो. एकदा गेलो की पाच-सहा महिने घरी नसतो, तोवर मोटरसायकल झाकून गॅरेजमध्ये उभी असते. गाडी इंजेक्शनची, सिंगल सिलिंडर, किक नाही. बॅटरी १२ व्होल्ट, ९ अँपिअर-अवर, सीलबंद एजीएम (म्हणजे लेड-अ‍ॅसिडच, पण पाणी घालावं न लागणारी), दोन वर्षं जुनी. मागच्या सुट्टीत गाडीला जीपीएस ट्रॅकर बसवून घेतला आहे.

या वेळी जाताना १ अँपिअरचा ऑटोमॅटिक चार्जर लावून गेलो होतो. त्याची कायमची वायर बॅटरीच्या टर्मिनलला बसवलेली आहे. ती सीटखालून बाहेर येते, तिला चार्जरचा प्लग जोडला की झालं. परत आलो तेव्हा चार्जरवर हिरवा दिवा होता, त्यामुळे बॅटरी भरलेली असणार असं धरून चाललो होतो. चावी फिरवली तर मीटर फिका लागला, बटण दाबल्यावर नुसतं टक-टक-टक आणि घड्याळ शून्यावर. मल्टिमीटर लावला तर ११.४ व्होल्ट.

चार्जर काढून परत लावला. लाल दिवा लागला आणि वीस मिनिटांत हिरवा झाला. लगेच मोजलं तेव्हा १३.१, दुसऱ्या दिवशी सकाळी १२.३. सेल्फ मारला, पुन्हा तेच टक-टक.

बॅटरी गेली, चार्जर बिघडला की गाडीच वीज खाते आहे? अंदाजाने एकेक वस्तू बदलत बसायचं नाही, कारण कळायला हवं. लवकरच पुन्हा निघायचं आहे. मागे घरी वडील असतात, त्यांना सीट उघडून वायरी जोडायला लावायचं नाही.


सकाळची फेरी:

बॅटरी बदलून टाका. एकदा खोल उतरलेली बॅटरी पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. आणि तुम्ही नसताना घरच्या कोणाला तरी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं गाडी सुरू करून ठेवायला सांगा. माझ्या भावाची गाडी अशीच राहते, काही होत नाही.


वाइंडिंगवाला:

जहाजी, बॅटरी बदलायच्या आधी थोडं थांबा. बदलावी लागेलही, पण मूळ कारण तसंच राहिलं तर पुढच्या सुट्टीत नवी बॅटरीसुद्धा अशीच बसलेली सापडेल. मी ऑटो-इलेक्ट्रिकचं काम करतो. लांब उभ्या राहिलेल्या गाड्या आमच्याकडे येतात तेव्हा बहुतेकांना घाईघाईने एकाच वस्तूवर खापर फोडायचं असतं. बॅटरी, चार्जर आणि गाडी एकमेकांना जोडलेली असताना दोष कुणाचा ते कळत नाही. तिन्ही सुटी करा आणि एकेक स्वतंत्र तपासा.

तुमच्याच आकड्यांवरून सुरुवात करू. ११.४ म्हणजे बॅटरी पार रिकामी. १ अँपिअरचा चार्जर वीस मिनिटं चालला म्हणजे फार तर ०.३३ अँपिअर-अवर आत गेले. ९ अँपिअर-अवरची रिकामी बॅटरी एवढ्यावर भरणं शक्यच नाही, तरी दिवा हिरवा झाला. कारण चार्जर आत किती वीज साठली ते मोजत नाही. तो व्होल्टेज बघतो आणि बॅटरी किती करंट ओढते ते बघतो. व्होल्टेज १४.४ च्या आसपास चढला आणि करंट घटला की त्याच्या लेखी काम संपलं.

आता व्होल्टेज इतक्या लवकर का चढला? लेड-अ‍ॅसिड बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच चार्ज केली तर ते परत विरघळतं. तसंच पडून राहिलं तर त्याचे कडक खडे बनतात आणि मग साध्या चार्जिंगने ते सुटत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कामातून जातो, आतला रेझिस्टन्स वाढतो. गाळाने भरलेल्या टाकीसारखं होतं: नळ सोडला की पाणी पटकन काठाला येतं, पण उपसायला गेलं तर दोन बादल्यांत टाकी संपते. तुमचे १३.१ म्हणजे ते काठाला आलेलं पाणी. चार्जर काढल्याकाढल्या मोजलेला व्होल्टेज वरवरचा असतो, त्यावर कधी विश्वास ठेवू नका. सकाळचे १२.३ खरे.

एजीएम बॅटरी पूर्ण भरून, सगळं काढून, काही तास तशीच ठेवली की १२.८ ते १३ दाखवते. १२.५ च्या खाली गेली की तिला चार्ज हवा. १२.२ च्या आसपास निम्मी उरलेली असते, ११.८ च्या खाली काही उरलेलं नसतं. आणि कितीही चार्ज करून आकडा १०.५ च्या जवळपासच अडकत असेल तर एक सेल शॉर्ट आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. एक गेला की पाचाचे साडेदहा उरतात. तुमचं तसं दिसत नाही.

आता तपासणी.

बॅटरी गाडीतून बाहेर काढा. काळी केबल आधी सोडायची, लाल नंतर. बसवताना उलट, लाल आधी. काळी जोडलेली असताना लालवरचा पाना चेसिसला टेकला की थेट शॉर्ट होतो. काढतानाच टर्मिनलचे बोल्ट किती घट्ट होते ते हाताला लागेल. बाइकच्या बॅटरीत बोल्टखाली एक छोटा चौकोनी नट नुसता ठेवलेला असतो. चार्जरच्या वायरीची रिंग, ट्रॅकरची रिंग आणि गाडीची केबल अशा तीन रिंगा एका बोल्टवर आल्या की बोल्ट आखूड पडतो आणि वरून घट्ट वाटला तरी आत रिंगा हलतात. टक-टक आवाजाचं कारण कित्येकदा इथेच निघतं. लांब बोल्ट घाला आणि गाडीची जाड केबल सगळ्यांत खाली, थेट बॅटरीच्या शिशाला चिकटून बसेल असं बघा.

बॅटरी हवेशीर जागी चार्जरला लावा. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघू शकतो, म्हणून क्लिप आधी जोडायच्या आणि मेनचा स्विच नंतर चालू करायचा, काढताना आधी स्विच बंद. ठिणगी बॅटरीजवळ नको. लावल्यापासून दर थोड्या वेळाने मल्टिमीटरने बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा आणि लिहून ठेवा. चांगली पण उतरलेली बॅटरी असेल तर आकडा सावकाश चढतो, तासन्‌तास साडेबारा-तेराच्या घरात राहून मग चौदाकडे जातो. खराब असेल तर तो काही मिनिटांतच चौदाच्या वर उडी मारतो. चार्जर हिरवा झाला तरी थांबवू नका, रात्रभर राहू दे. मग काढा, दिवसभर तशीच ठेवा आणि पुन्हा चार्ज करा. असं दोन-तीनदा केल्यावर थोड्या सल्फेट झालेल्या बॅटऱ्या बऱ्यापैकी सावरतात. मध्ये बॅटरी हाताला गरम लागली, फुगली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर तिथेच बंद करा. ती बॅटरी संपली.

तुमच्या चार्जरला रिपेअर किंवा रिकव्हरी मोड असेल तर तो फक्त बॅटरी गाडीबाहेर असतानाच वापरा. त्यात व्होल्टेज १५ च्या वर जातो, ईसीयू (इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) आणि मीटरला तो सोसेलच असं नाही.

चार्जिंगनंतर एक रात्र ठेवून लोड द्या. हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब मिळवा, दोन वायरी लावा, बॅटरीला जोडा, मल्टिमीटर समांतर ठेवा आणि घड्याळ बघा. हा बल्ब साधारण साडेचार अँपिअर ओढतो. धडधाकट ९ अँपिअर-अवरची बॅटरी तो तासभर तरी आरामात चालवते आणि मग १०.५ ला येते. १०.५ दिसल्याबरोबर बल्ब काढायचा, त्याखाली नेऊ नका. बल्ब काचेला हात न लावता धरा आणि फरशीवर किंवा विटेवर ठेवा, भयंकर तापतो. बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत खाली आली तर तिच्यासाठी आणखी वेळ घालवू नका.

चार्जर तपासायला दुसरी, नक्की चांगली असलेली बॅटरी हवी. मोकळ्या क्लिपांवर मल्टिमीटर लावून काही कळत नाही. ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय आउटपुट देतच नाहीत, त्यामुळे शून्य दिसलं म्हणून तो बिघडला असं समजू नका. चांगल्या बॅटरीवर त्याने १४.४ च्या आसपास नेऊन मग १३.२ ते १३.८ मध्ये कुठेतरी स्थिर केलं तर चार्जिंगचा भाग ठीक. कायमच्या वायरीत एक काचेचा किंवा पट्टीचा फ्यूज असतो, तो आणि त्याच्या पकडी उघडून बघा. गंज असेल तर फ्यूज शाबूत असूनही संपर्क जातो.

आणि एक प्रयोग जरूर करा, माझा संशय त्यावरच जास्त आहे. चार्जर बॅटरीला लावून चालू असताना मेनचा स्विच बंद करा, अर्ध्या मिनिटाने चालू करा. म्हणजे लाइट गेली आणि आली असं. चार्जर स्वतःहून पुन्हा चार्जिंग सुरू करतो का, की मोडचं बटण दाबायची वाट बघत बसतो? मोडचं बटण असलेले काही चार्जर लाइट आल्यावर स्टँडबायमध्ये उठतात. त्यांना लावून महिनोन्‌महिने निघून जाणं धोक्याचं आहे. त्याच वेळी मेन बंद ठेवून, चार्जरच्या एका वायरीत मल्टिमीटर मालिकेत जोडून बॅटरीतून चार्जरकडे उलटा करंट जातो का तेही मोजा. काही मिलिअँपिअर जाणारे चार्जर मी पाहिले आहेत.

शेवटी गाडी. चावी काढा, काळी केबल सोडा, मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला आणि काळी केबल व बॅटरीचं काळं टर्मिनल यांच्या मध्ये मल्टिमीटर घाला. जोडल्यावर ईसीयू थोडा वेळ जागा राहतो, पाच-दहा मिनिटं थांबा. आकडा अगदी खाली आला की मगच मिलिअँपिअरच्या रेंजवर या. मल्टिमीटर मध्ये असताना चावी फिरवायची नाही, त्याचा फ्यूज उडेल. आकडा लिहा, मग ट्रॅकरचा फ्यूज काढून पुन्हा लिहा.

सकाळची फेरी, आठवड्यातून पाच मिनिटं सुरू करण्याबद्दल नम्रपणे वेगळं मत आहे. हिशोब जहाजींचे आकडे आल्यावर मांडतो, म्हणजे तो त्यांच्या गाडीला धरून होईल.


जहाजी:

दादा, सांगितलंत तसं सगळं क्रमाने केलं.

टर्मिनल: काळ्या बाजूला खरंच तीन रिंगा होत्या आणि सगळ्यांत वरची, चार्जरची, बोटाने फिरत होती. लांब बोल्ट घातला.

बॅटरी: चार्जरला लावल्यावर पाचव्या मिनिटाला १४.१, अठराव्या मिनिटाला हिरवा. रात्रभर ठेवली, दिवसभर विश्रांती, पुन्हा रात्रभर, असं तीन वेळा. शेवटच्या विश्रांतीनंतर १२.५. बल्ब लावल्यावर लगेच ११.६ आणि अकराव्या मिनिटाला १०.५.

चार्जर: शेजाऱ्यांच्या बॅटरीवर व्यवस्थित चालला, १४.४ ला गेला आणि काही तासांनी १३.५ वर थांबला. पण मेन बंद-चालू केल्यावर तुम्ही म्हणता तसंच झालं. चार्जरवर हिरवे दिवे दोन आहेत. एक प्लगच्या चित्राजवळ, एक बॅटरीच्या चित्राजवळ. लाइट आल्यावर प्लगजवळचा लागतो आणि चार्जर बटणाची वाट बघतो, टर्मिनलवर १३.५ ऐवजी आकडा हळूहळू खाली येत राहतो. मी परत आलो तेव्हा लागलेला दिवा हाच. मेन बंद असताना चार्जरकडे उलटे ६ मिलिअँपिअर जातात.

गाडी: ट्रॅकरसकट १४ मिलिअँपिअर. ट्रॅकरचा फ्यूज काढल्यावर १.


वाइंडिंगवाला:

इतकं नीट मोजून लिहिलंत, वाचून फार बरं वाटलं. आता काही गूढ उरलं नाही.

घडलं ते असं. तुम्ही गेल्यावर कधीतरी लाइट गेली आणि आली. चार्जर स्टँडबायमध्ये बसला. तिथून पुढे गाडी रोज १४ मिलिअँपिअर खात राहिली. चोवीस तासांचे ते होतात ०.३३६ अँपिअर-अवर. ९ ला याने भागा: २७ दिवसांच्या आत बॅटरी कोरडी. मेनच बराच काळ बंद राहिला असता तर चार्जरचे ६ मिळवून २० मिलिअँपिअर, म्हणजे १९ दिवसांत तेच. हा हिशोब बॅटरी नवी आणि पूर्ण भरलेली धरून आहे. बॅटरी स्वतःहूनही थोडी उतरतच असते, आणि हवा जितकी गरम तितकी जास्त, तापमान १० अंशांनी वाढलं की तो वेग साधारण दुप्पट होतो. पाच-सहा महिन्यांतला बहुतांश काळ तुमची बॅटरी रिकामी पडून होती. खडे तिथे बसले.

म्हणून: बॅटरी गेली, अकरा मिनिटांचा लोड हा स्पष्ट निकाल आहे. पण ती स्वतःच्या दोषाने गेली नाही. गाडीतही बिघाड नाही, १ मिलिअँपिअर उत्तम आहे. ट्रॅकरही आपलं काम करतो आहे, त्याला वीज लागणारच. चार्जर तुम्ही घरी असताना वापरायला चांगला आहे, मागे सोडून जायला नाही.

आता आठवड्याच्या पाच मिनिटांचा हिशोब. १४ मिलिअँपिअर आठवडाभर चालले की २.३५ अँपिअर-अवर जातात. आयडलला इंजिन फिरतं तेव्हा इंधनपंप, इग्निशन आणि सतत जळणारा हेडलाइट भागवून बॅटरीला समजा २ अँपिअर उरले, आणि छोट्या गाड्यांत तेवढेही उरतात असं नाही, तर पाच मिनिटांत परत येतात ०.१७. गेले सव्वादोन, आले पाऊण पावसुद्धा नाही. दर आठवड्याला बॅटरी खालीच जाते. शिवाय इंजिन पुरतं तापत नाही, जळणातून बनलेली वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन राहते. भावाची गाडी चालते आहे कारण तिच्यावर बहुधा ट्रॅकर नाही. सुरू करायचीच असेल तर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणावी, नाहीतर हात लावू नये.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत.

पहिला: ट्रॅकर चालू हवाच असेल तर लाइट आल्यावर स्वतःहून सुरू होणारा मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरून मग भरलेलीच धरून ठेवणारा चार्जर, घ्या. पेटीवर काय लिहिलंय त्यावर न जाता दुकानातच बॅटरीला लावून, मेन बंद-चालू करून, मल्टिमीटरवर बघा. करंट १ अँपिअरच्या आसपास पुरे. अँपिअर-अवरच्या दहाव्या भागाइतका करंट ही अशा बॅटरीसाठी सुरक्षित मोजपट्टी. जुना साधा ट्रान्सफॉर्मरचा, न थांबणारा चार्जर महिनोन्‌महिने लावू नका. तो व्होल्टेज धरून ठेवत नाही, सीलबंद बॅटरीतलं पाणी वायू होऊन जातं आणि ते परत भरता येत नाही.

दुसरा, आणि मला स्वतःला जास्त पसंत: निघताना बॅटरी पूर्ण भरा, काळी केबल सोडा, टोकावर प्लॅस्टिकची टोपी किंवा टेप लावा, आणि जा. चांगली एजीएम थंड जागेत महिन्याला काही टक्केच उतरते. सहा महिन्यांनी ती १२.५ च्या आसपास सापडेल, एक रात्र चार्ज केली की तयार. कोणताही चार्जर नाही, लाइट गेल्याची चिंता नाही, वडिलांना त्रास नाही. घड्याळ पुन्हा लावावं लागेल आणि काही गाड्यांत आयडल स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो, एवढंच. ट्रॅकर मात्र बंद राहील, हे तुमच्या गॅरेजला कुलूप कसं आहे त्यावर ठरवा.

नवी बॅटरी घेताना तिच्यावरचा बनवल्याचा महिना बघा. दुकानातच वर्षभर पडलेली बॅटरी घेऊ नका, ती तिथेच सल्फेट व्हायला लागलेली असते. अ‍ॅसिडची वेगळी पिशवी किंवा बाटल्यांची पट्टी येत असेल तर ती भरल्यावर किमान अर्धा-पाऊण तास तशीच ठेवून, मग चार्जरवर पूर्ण भरून, त्यानंतर गाडीत बसवायची. भरली आणि लगेच सेल्फ मारला असं करणारे खूप आहेत. त्या बॅटरीची क्षमता पहिल्या दिवसापासून कमी राहते.

बसवल्यावर गाडीचं चार्जिंगही एकदा बघून घ्या. चार-पाच हजार आरपीएमला टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बघावा लागेल, १३ च्या वर येतच नसतील तर कॉइल किंवा रेग्युलेटरचा कनेक्टर. नव्या बॅटरीला जुन्या दुखण्याच्या हवाली करू नका.


तिसरा मजला:

खूप उपयोगी पडलं. माझ्या पार्किंगमध्ये प्लगच नाही, त्यामुळे बॅटरी काढून घरात आणतो. दोन शंका. एक, फरशीवर ठेवली तर बॅटरी उतरते असं ऐकलंय, खरं का? दोन, माझी लिथियम आहे. त्यासाठी लेड-अ‍ॅसिडचा चार्जर चालतो का? आत्ता ती १२.८ दाखवते आहे, म्हणजे भरलेली ना?


वाइंडिंगवाला:

फरशीची समजूत जुनी आहे. आताच्या प्लॅस्टिकच्या डब्यातली बॅटरी फरशीवर ठेवल्याने उतरत नाही. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि टर्मिनलवर धातूचं काही पडणार नाही असं बघा, बस.

लिथियमबद्दल मात्र नीट वाचा, तिथे लेड-अ‍ॅसिडचे आकडे लावले की फसगत होते. मोटरसायकलला येणारी लिथियम बॅटरी बहुतेक आयर्न फॉस्फेट प्रकारची, चार सेलची असते. भरून विश्रांती घेतलेली १३.३ च्या आसपास असते आणि बराच काळ १३ च्या वरच रेंगाळते, मग शेवटी झपाट्याने पडते. लेड-अ‍ॅसिडमध्ये १२.८ म्हणजे भरलेली. तुमची १२.८ वर आहे म्हणजे जवळजवळ रिकामी. आज चार्ज करा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

चार्जर लिथियमचाच वापरा. साधा ऑटोमॅटिक चालतो असं काही जण म्हणतात. व्होल्टेज १४.४ ते १४.६ ला थांबत असेल तर एकवेळ भरेलही, पण बऱ्याच चार्जरमध्ये सल्फेट सोडवण्यासाठी उंच व्होल्टेजचे झटके देण्याची पायरी असते, ती लिथियमला घातक आहे. तापमान शून्याखाली असताना लिथियम चार्ज करायची नाही, आधी खोलीत येऊन ऊबदार होऊ द्यायची. आणि कधी टर्मिनलवर एकदम शून्य दिसलं तर घाबरून फेकून देऊ नका. आतलं संरक्षक सर्किट खूप उतरल्यावर स्वतःला तोडून घेतं. लिथियमच्या चार्जरमध्ये तिला जागं करण्याची सोय असते, आधी ती वापरून बघा. फुगलेली असेल तर मात्र चार्जरला लावूच नका, तशीच योग्य ठिकाणी जमा करा.

गाडीतून काढून ठेवलेली चांगली लिथियम महिनोन्‌महिने फारशी उतरत नाही. दोन-तीन महिन्यांनी एकदा मोजली तरी पुरे.


जहाजी:

नवी एजीएम आणली, तीन महिन्यांपूर्वी बनलेली. चार्जरवर पूर्ण भरून रात्रभर ठेवली, सकाळी १२.९. गाडीत बसवली, सेल्फ पहिल्या झटक्यात. साडेचार हजार आरपीएमला १४.२.

ट्रॅकर ठेवायचा आहे, गॅरेजचं दार रस्त्याला लागून आहे. म्हणून मेंटेनर घेतला. दुकानदाराने जरा नवल केलं, पण समोर मेन बंद-चालू करून दाखवला, तो लगेच स्वतःहून सुरू झाला. घरी आणून उलटा करंट मोजला, १ मिलिअँपिअरच्याही खाली. वायरीत फ्यूज नवा घातला आहे.

एक विचारायचं राहिलं. वडील रोज गॅरेजमध्ये जातात. त्यांनी नुसतं बघून कळावं असं काही लावता येईल का?


वाइंडिंगवाला:

येईल. छोटा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो, दोन वायरींचा. तो कायम लावू नका, तोच रोज काही मिलिअँपिअर खाईल. मध्ये दाबायचं बटण घाला, दाबलं तरच आकडा दिसेल असं. चार्जरच्या वायरीलाच, फ्यूजच्या पुढे, सीटबाहेर हात पोचेल अशा जागी. वडिलांना सांगा, आठवड्यातून एकदा बटण दाबायचं. १३.२ किंवा वर दिसलं तर मेंटेनर काम करतो आहे. १३ च्या खाली दिसलं तर मेंटेनरचा प्लग काढून परत लावायचा आणि तासाभराने पुन्हा बघायचं. तरी चढलं नाही तर तुम्हाला मेसेज करायचा. तुम्ही जहाजावरून त्यांना फक्त काळी केबल सोडायला सांगा, दहाचा पाना आणि एक बोल्ट, किंवा शेजाऱ्यांना. त्यानंतर तुम्ही येईपर्यंत बॅटरी नीट राहील.